जुन्या पुस्तकाची किंमत की त्याच्या प्रवासाची?

टपाल खात्याची ‘बुक पोस्ट’ सेवा बंद झाली, ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. दरम्यान उद्योगनगरीतील जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन व्यवहाराचे गणित मात्र बदलून गेले

प्रतिनिधी, पिंपरी

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एखादा पदविकाधारक तरुण स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी संकेतस्थळावर जुने पुस्तक शोधतो. चारशे रुपयांचे पुस्तक दीडशेत मिळते आहे, हे पाहून तो सुखावतो. पण ‘पाठवणी खर्च’ हा रकाना उघडताच त्याचा आनंद मावळतो. पुस्तक दीडशेचे आणि ते घरी येण्याचा खर्च शंभराच्या घरात. मग तो हिशेब करतो, की आणखी थोडे पैसे घातले तर नवे कोरे पुस्तकच का घेऊ नये? व्यवहार तेथेच थांबतो. पलीकडे निगडीच्या एखाद्या घरातील कपाटात ते पुस्तक पडून राहते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने रद्दीत जाते.

हा प्रसंग उदाहरणादाखल घेतला असला, तरी जुन्या पुस्तकांची ऑनलाइन खरेदी-विक्री करणाऱ्या कोणालाही तो अपरिचित वाटणार नाही. जुन्या पुस्तकाच्या व्यवहारात वस्तूच्या किमतीपेक्षा वाहतुकीचा दर अधिक निर्णायक ठरतो. गेल्या काही काळात या दराच्या बाबतीत सरकारी पातळीवर मोठे बदल झाले. त्यांची चर्चा प्रकाशकांपुरतीच राहिली. त्यांचा सर्वाधिक परिणाम ज्याच्यावर होतो, तो सामान्य वाचक मात्र या बदलांपासून बराचसा अनभिज्ञ आहे.

अठरा डिसेंबरचा धक्का

मराठी ग्रंथव्यवहार आणि टपाल खाते यांचे नाते जुने आहे. व्ही.पी.पी., म्हणजे पुस्तक हाती पडल्यावर पोस्टमनकडे पैसे भरण्याची पद्धत, देशात १८७७ साली सुरू झाली. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ या नावाने जे नवलाईचे म्हणून सांगितले जाते, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी व्ही.पी.पी.च्या रूपाने अनुभवलेले होते. त्याच्या जोडीला ‘बुक पोस्ट’ होती. पाकीट चिकटवून बंद न करता, आत पुस्तकच आहे याची खात्री करता येईल अशा रीतीने बांधायचे आणि त्या बदल्यात सवलतीचा दर घ्यायचा, असा हा सरळ सौदा होता. नोंदणीकृत बुक पोस्टाने पाच किलोंचा गठ्ठा देशात कोठेही ८० रुपयांत जात असे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी ही सेवा अचानक बंद झाली. १८९८च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा टपाल कायदा, २०२३ हा जून २०२४मध्ये अमलात आला होता. त्यानुसार डिसेंबरमध्ये जी नवी विनियमावली लागू झाली, तिच्यात बुक पोस्टाला स्थान उरले नाही. तोच पाच किलोंचा गठ्ठा नोंदणीकृत पार्सल म्हणून पाठवायचा, तर २२९ रुपये मोजावे लागणार होते. म्हणजे किलोमागे १६ रुपयांवरून थेट ४६ रुपयांच्या आसपास.

या निर्णयाची वेळही लक्षात राहण्याजोगी होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला होता. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरलेला होता आणि तेथे पुस्तके खरेदी करण्यासाठी रांगा लागत होत्या. नेमक्या त्याच आठवड्यात पुस्तके पाठवण्याची देशातील सर्वांत स्वस्त सोय संपुष्टात आली.

ज्ञान पोस्ट : दिलासा आणि अटी

प्रकाशक आणि ग्रंथविक्रेत्यांची नाराजी व्यक्त झाल्यानंतर सुमारे साडेचार महिन्यांनी, १ मे २०२५ रोजी, टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोंपर्यंत १०० रुपये, कर वेगळे, असा तिचा दर ठरला. वाहतूक भूपृष्ठ मार्गाने होते, त्यामुळे विमानाचा वेग अपेक्षित नाही; परंतु पाकीट कोठपर्यंत पोहोचले, याचा माग संगणकावर घेता येतो. साध्या बुक पोस्टात ती सोय नव्हती. किलोमागे २० रुपये हा दर जुन्या दरापेक्षा चढा असला, तरी पार्सलच्या निम्म्याहून कमी आहे. एवढ्यापुरता हा दिलासा खरा आहे.

तथापि, करांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. जुलै २०२२मध्ये टपाल खात्याच्या सेवांवर जीएसटीची व्याप्ती वाढली, तेव्हा पोस्टकार्ड आणि आंतर्देशीय पत्राबरोबरच बुक पोस्टलाही त्यातून वगळले होते. छापील पुस्तकावर आजही जीएसटी नाही. म्हणजे पुस्तक करमुक्त, पण त्याच्या प्रवासावर कर, अशी परिस्थिती आता टपाल खात्याच्या खिडकीवरही आली आहे. खासगी कुरिअरच्या बाबतीत ती आधीपासूनच होती.

दुसरा मुद्दा पात्रतेचा. ज्ञान पोस्टाचा लाभ शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक स्वरूपाच्या छापील साहित्यासाठी आहे. त्यावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असले पाहिजे आणि त्यात जाहिराती नसाव्यात, अशा अटी आहेत. नव्या पुस्तकाला यात अडचण नाही. जुन्या पुस्तकाचे मात्र तसे नसते. १८६७च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले होते, त्यामुळे नाव छापलेले असतेच. पण कित्येक जुन्या प्रतींचे पहिले पान फाटलेले असते किंवा पुनर्बांधणीत गळालेले असते. अशी प्रत खिडकीवर नेल्यास ती पात्र ठरेल की नाही, हे समोरच्या कर्मचाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहण्याची शक्यता आहे.

मराठीपुरता याहून नाजूक प्रश्न दिवाळी अंकांचा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली सुरू केलेली ही परंपरा आज जुन्या पुस्तकांच्या बाजारातील मोठा हिस्सा व्यापून आहे. जुन्या अंकांचे संच शोधणारे संग्राहक आणि अभ्यासक कमी नाहीत. पण दिवाळी अंक जाहिरातींवरच उभा असतो. अटीचा शब्दशः अर्थ लावला, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीची साबणाची किंवा बँकेची जाहिरात असलेला अंक सवलतीच्या दराबाहेर पडतो. त्या जाहिरातीचा आज कोणालाही व्यापारी लाभ होत नाही, हे उघड असूनही नियमाला ते दिसत नाही.

नोंदणी टपालाचा अस्त

या सर्व घडामोडींत आणखी एक बदल झाला. पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाचे प्रतीक असलेले ‘रजिस्टर्ड पोस्ट’ २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन करण्यात आले आणि १ ऑक्टोबर २०२५पासून स्पीड पोस्टाचे सुधारित दर लागू झाले. नोंदणी ही आता स्वतंत्र सेवा न राहता पाच रुपये अधिक कर देऊन घ्यावयाची जोडसेवा झाली आहे. ओटीपी सांगितल्यावरच पाकीट हाती देण्याची सोयही तेवढ्याच शुल्कात मिळते. विद्यार्थ्यांना दरात १० टक्के सवलत आहे.

स्पीड पोस्टाने अर्ध्या किलोपर्यंतचे पाकीट स्थानिक हद्दीत २८ रुपयांत, तर दोनशे किलोमीटरपर्यंत ७० रुपयांत जाते, जीएसटी वेगळा. हे दर कागदपत्रांच्या वर्गासाठीचे आहेत. पुस्तकाचे पाकीट त्या वर्गात बसते की पार्सलच्या, हे खिडकीवर आधीच विचारून घेणे शहाणपणाचे. पातळ आणि तातडीच्या पुस्तकासाठी हा मार्ग उपयुक्त आहे. किलोभराच्या अभियांत्रिकीच्या ग्रंथासाठी तो परवडत नाही.

कुरिअर आणि वजनाचे राजकारण

पिंपरी-चिंचवड परिसरात खासगी कुरिअरची वानवा नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या वाहन उद्योगाने आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांनी येथे मालवाहतुकीचे भक्कम जाळे निर्माण केले आहे. पण हे जाळे यंत्राचे सुटे भाग आणि कार्यालयीन कागदपत्रे यांच्या सोयीने विणलेले आहे. एखाद-दुसरे पुस्तक पाठवणारा गृहस्थ त्याच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचा ग्राहक असतो. रोज शंभर पाकिटे देणाऱ्या विक्रेत्याला मिळणारा दर त्याला मिळत नाही. अनेक विक्रेत्यांची पाकिटे एकत्र करून कुरिअर कंपन्यांकडून घाऊक दर मिळवणारी संकेतस्थळे अलीकडे निघाली आहेत; त्यांच्यामुळे ही दरी काहीशी कमी झाली आहे.

या व्यवहारातील खरी मेख वजनात आहे. कुरिअरचे दर साधारणपणे अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतात. ४८० ग्रॅमचे पुस्तक वेष्टनासह ५२० ग्रॅम झाले, की आकार एका किलोचा. शिवाय प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, ते धरले जाते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला ५००० ने भागायचे, ही त्याची प्रचलित रीत. २४ बाय १८ बाय ४ सेंटिमीटरच्या जाडजूड पाठ्यपुस्तकाचे असे वजन ३५० ग्रॅमच्या आतच येते. प्रत्यक्षात ते किलोभर भरते. म्हणजे पुस्तक जागा कमी व्यापते आणि वजन जास्त दाखवते. पण तेच पुस्तक घरात मिळाले म्हणून ३० बाय २५ बाय १० सेंटिमीटरच्या खोक्यात घातले, तर आकारमानाचे वजन दीड किलो होते. रिकाम्या हवेचे पैसे भरावे लागतात ते असे.

पुस्तक कंपनीच्या केंद्रावर पोहोचल्यावर पुन्हा मोजले जाते आणि फरक विक्रेत्याच्या नावे पडतो. पाठवण्यापूर्वी वजनकाट्यावरील पाकिटाचे छायाचित्र काढून ठेवले असेल, तर निदान तक्रार करता येते. ही सवय अनेकांना एक-दोन वेळा भुर्दंड पडल्यावरच लागते. प्रस्तुत प्रतिनिधीही त्याला अपवाद नाही. घरातील काही जुनी पुस्तके विकताना मिळालेल्या रकमेचा मोठा भाग वजनाच्या फरकापोटी एका कुरिअर कंपनीकडे गेला आणि हाती छायाचित्र नसल्याने दाद मागता आली नाही.

पाळीचा कामगार आणि बंद दार

पाठवणीचा खर्च केवळ दरपत्रकावर ठरत नाही. पुस्तक घेणारा घरी सापडतो का, यावरही तो ठरतो. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या भागांत कामगारवस्ती झपाट्याने वाढली. एका खोलीत चार-पाच जण राहतात, दर काही महिन्यांनी पत्ता बदलतो. पहिल्या पाळीचा कामगार दुपारी घरी नसतो, तिसऱ्या पाळीचा झोपलेला असतो. पाकीट घेऊन आलेला माणूस दार वाजवून परत जातो. दोन-तीन फेऱ्यांनंतर पुस्तक पाठवणाऱ्याकडे परत निघते, आणि परतीचे भाडेही बहुधा विक्रेत्यालाच भरावे लागते. दीडशे रुपयांच्या पुस्तकावर दोन्ही बाजूंचे भाडे बसले, की त्या विक्रेत्याचा पुढच्या वेळी चाकणला पुस्तक पाठवण्याचा उत्साह ओसरतो.

पत्त्याचाही एक घोळ आहे. पिंपरी-चिंचवडचे पिनकोड ४११ने सुरू होतात. चाकणचा मात्र ४१०५०१ आहे. ‘पुणे’ लिहिले, की सवयीने ४११ लिहिले जाते आणि पाकीट शहरात फिरत राहते. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मराठी पंडित होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. सारख्या नावांची गावे आणि न वाचता येणारे पत्ते यांवर त्यांनी शोधलेला तो तोडगा होता. त्याच टपाल खात्याने मे २०२५मध्ये ‘डिजिपिन’ ही दहा अक्षर-अंकांची नवी पत्तापद्धती आणली. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला तिच्यात स्वतंत्र क्रमांक आहे. नाव नसलेल्या गल्लीतील कामगाराची खोली त्यामुळे सापडू शकेल. दार उघडायला कोणी घरी नसेल, तर मात्र तिचाही उपयोग नाही. अशा वेळी पाकीट टपाल कार्यालयातच ठेवून घेण्यास सांगणे आणि सुटीच्या वेळेत जाऊन आणणे, हा जुना उपायच कामी येतो.

हातोहात देवघेव

वीसेक किलोमीटरच्या अंतरासाठी पुस्तक कुरिअरच्या केंद्रावर, तेथून गोदामात आणि मग परत शेजारच्या गावात, असा प्रवास कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच शहरातल्या शहरात हातोहात देवघेव करण्याकडे कल दिसतो. दुचाकीवरून तासाभरात वस्तू पोहोचवणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत. पण अंतर वाढले, की त्यांचे भाडे पुस्तकाच्या किमतीला ओलांडते. पुणे-नाशिक महामार्गावरील चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या बाबतीत मेट्रोने एक अनपेक्षित सोय केली आहे. पिंपरीतील महापालिका भवनापासून निघणारी मार्गिका मार्च २०२२मध्ये फुगेवाडीपर्यंत सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंत पोहोचली. तिच्यावरील कसबा पेठ स्थानकापासून अप्पा बळवंत चौक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पिंपरीतला विक्रेता आणि पेठेतला ग्राहक यांनी एखाद्या स्थानकावर भेटायचे, पुस्तक चाळून पाहायचे आणि जागेवरच पैसे द्यायचे, हे आता सहज शक्य आहे. चाकणपर्यंत मात्र मेट्रो नाही.

परगावी पुस्तके पाठवताना एसटीच्या पार्सलचा पर्यायही विसरता येत नाही. वल्लभनगर आगारातून राज्याच्या अनेक भागांत गाड्या जातात. पुस्तकांचा मोठा गठ्ठा असेल आणि घेणारा स्थानकावर येऊन तो उतरवून घेणार असेल, तर हा मार्ग सोयीचा ठरतो. सुट्या पुस्तकासाठी तो नाही.

फसवणूक आणि भरपाई

ऑनलाइन व्यवहारातील जोखीम हा आणखी एक खर्चच. २०२०च्या ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियमांनी संकेतस्थळांवर काही जबाबदाऱ्या टाकल्या. परंतु नियमित धंदा न करता घरातील पुस्तके विकणारी व्यक्ती त्यांच्या कक्षेत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुकवरच्या गटात ठरलेला व्यवहार बव्हंशी परस्पर विश्वासावर चालतो. पैसे मिळवण्यासाठी कोणताही संकेतांक टाकावा लागत नाही, एवढे जरी विक्रेत्याने लक्षात ठेवले, तरी क्यूआर कोडची नेहमीची फसवणूक टळते.

पुस्तक गहाळ झाल्यास टपाल खात्याची जबाबदारी कायद्यानेच मर्यादित आहे. २०२३च्या कायद्यातही नियमांनी ठरवून दिलेल्या दायित्वापलीकडे खाते बांधील नाही. म्हणून दुर्मीळ प्रत पाठवताना विम्याचे जादा शुल्क भरणे हिताचे. पावसाळ्यात प्लॅस्टिकचे आवरण आणि कोपऱ्यांना पुठ्ठ्याचा आधार अनिवार्य समजावा. कारखान्यांतून निघणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची या परिसरात कमतरता नाही. ते कापून पुस्तकाच्या मापाचे वेष्टन केले, तर वजनही आटोक्यात राहते.

प्रश्न वाचकाचा आहे

जगात इतरत्र याकडे कसे पाहिले जाते? अमेरिकेत १९३८ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी पुस्तकांसाठी पौंडामागे दीड सेंटचा टपालदर लागू केला. त्याचा वारसा सांगणारी ‘मीडिया मेल’ ही सवलत तेथे आजही टिकून आहे. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३पासून उलटी वाट धरली. ३५ युरोंपेक्षा कमी किमतीची नवी पुस्तके ऑनलाइन मागवल्यास किमान तीन युरो पाठवणी शुल्क आकारणे बंधनकारक केले, जेणेकरून मोठ्या संकेतस्थळांपुढे गल्लीतील पुस्तकाचे दुकान तगून राहावे. दोन्ही देशांनी पाठवणीचा दर ही निव्वळ व्यापारी बाब मानली नाही, तो वाचनसंस्कृतीविषयक धोरणाचा भाग मानला. आपल्याकडील बुक पोस्टच्या मुळाशीही हीच भूमिका होती.

या परिसरात ही भूमिका विशेष महत्त्वाची ठरते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४मध्ये पिंपरीत आली आणि पुढे येथे कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. निगडी-प्राधिकरणात घरे बांधणारी ती पिढी आता वृद्ध झाली आहे. मुले परदेशी किंवा परगावी गेली आहेत आणि कपाटे मराठी पुस्तकांनी भरलेली आहेत. दुसरीकडे, चाकण-भोसरीत मराठवाडा-विदर्भातून आलेला तरुण कंत्राटी कामगार पाळी संपल्यावर अभ्यास करतो. राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५पासून वर्णनात्मक झाले. त्यामुळे वस्तुनिष्ठ प्रश्नांची गाइडे मागे पडून संदर्भग्रंथांना पुन्हा मागणी येऊ शकते. पुणे विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम तर काही वर्षांनी बदलतोच. २०१५, २०१९, २०२४ असे ‘पॅटर्न’ आले. जुने पाठ्यपुस्तक वेळेत हस्तांतरित झाले नाही, तर ते निरुपयोगी होते. देणारा आणि घेणारा एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत आणि त्यांच्यामध्ये पाठवणीचा खर्च उभा आहे.

त्यावर उपाय अवघड नाहीत. वापरलेली पुस्तके आणि ती विकणारे खासगी विक्रेते ज्ञान पोस्टात पात्र आहेत, हे टपाल खात्याने लेखी स्पष्ट करावे. जुन्या दिवाळी अंकांना जाहिरातीच्या अटीतून वगळावे. बुक पोस्टप्रमाणे ज्ञान पोस्टही करमुक्त करावे. आणि औद्योगिक वसाहतीतील टपाल कार्यालयांत पाळीच्या कामगाराला सोयीच्या वेळी पाकीट मिळेल, अशी खिडकी ठेवावी. महापालिकेच्या वाचनालयांतून देवघेवीचे एखादे केंद्र चालवता आले, तर स्थानिक व्यवहाराला पाठवणीची गरजच उरणार नाही.

तोवर वाचकाने काय करावे? एक पुस्तक मागवण्याऐवजी तिघा-चौघांनी मिळून एकाच विक्रेत्याकडून पाच किलोंपर्यंतचा गठ्ठा मागवावा. ज्ञान पोस्टाने तो शंभर रुपये अधिक कर, एवढ्यात येतो. दहा-बारा पुस्तकांवर विभागला, तर प्रत्येकी दहा-बारा रुपये. चाकणच्या त्या तरुणाला दीडशे रुपयांचे पुस्तक मग एकशे बासष्टला पडते, आणि निगडीच्या कपाटातील पुस्तक रद्दीत जाण्याचे टळते.